एकही र नसलेलं भाषण

"अजून सत्तेचाळीस आहेत, ताई," लॅपटॉपवरून डोकं न उचलता धाकटा भाऊ म्हणाला.

"अले देवा!" ताईने कपाळावर हात मारला.

ताई मुलांच्या वॉर्डात नर्स होती. तिला जन्मात कधी र म्हणता आला नव्हता. जीभ वळायचीच नाही, र चा ल व्हायचा. शाळेत पोरांनी चिडवून चिडवून तिचा जीव नकोसा केला होता. तेव्हापासून चार मोठी माणसं जमली की ती तोंडाला कुलूप लावायची. आणि आता मोठ्या डॉक्टरबाई निवृत्त होत होत्या. त्यांनीच फर्मान काढलं होतं, "निरोपाचं भाषण तूच करायचंस. दुसरं कुणी नको."

ताईने तोड काढली. भाषणात र येऊच द्यायचा नाही! पण कितीही डोळे फाडून पाहिलं तरी एखादा निसटायचाच. म्हणून कॉलेजात सी ही संगणकाची भाषा शिकणाऱ्या भावाने छोटासा प्रोग्राम लिहिला. फाइल उघडायची, शेवटपर्यंत वाचत जायचं, र दिसला की आकडा एकाने वाढवायचा. पहिल्या खेपेला एकही र सापडेना. आपलं एक अक्षर फाइलमध्ये तीन बाइटचं, म्हणजे तीन तुकड्यांचं असतं, हे भाऊ विसरला होता. तिन्ही ओळीने जुळतात का ते पाहायला लावलं, तेव्हा कुठे लपलेले र धडाधड बाहेर पडले.

मग छाटणी सुरू झाली. 'आभार' गेले, 'धन्यवाद' आले. 'डॉक्टर' जाऊन 'मॅडम' आल्या. 'नर्स'चीही गच्छंती झाली.

"माझ्याच कामाचं नाव घेता येत नाही बघ," ताई कुरकुरली.

अखेर भाऊ ओरडला, "शून्य!" दोघं स्वयंपाकघरात गोल गोल नाचली.

निरोपाच्या दिवशी हॉस्पिटलचा हॉल खचाखच भरला होता. ताईने भाषणाची तालीम मनातल्या मनातच केली होती, तरी वाचन झकास चाललं होतं. "मॅडम, मी कायम तुमची..." पुढचा शब्द होता 'कृतज्ञ'. त्यात र लिहिलेला नसतो, पण बोलताना जिभेवर येतोच. प्रोग्रामला तो दिसणार कुठून! मागच्या रांगेत भावाने डोकं धरलं.

"क्लुतज्ञ," ताईच्या तोंडून निघून गेलं.

कुणीतरी फिस्सकन हसलं. ताईचे कान तापले. पळून जावं म्हणून ती वळणार, तोच डॉक्टरबाई उठल्या आणि त्यांनी माइक हातात घेतला.

"हसा, खुशाल हसा. आमच्या वॉर्डातली पोरंही हसतात. ही 'लडू नको ले, लाजा' म्हणाली की सुई टोचून घेणारं पोर रडायचं विसरून खुदकन हसतं. मी आरशासमोर उभी राहून तसं म्हणायचा किती सराव केला! माझं ऐकून पोरं दुप्पट रडायची." त्या ताईकडे वळल्या. "म्हणून तर भाषणाला तुला उभं केलं, बाई. जायच्या आधी एकदा सगळ्यांसमोर मला शिकव."

हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. ताईला हसू आवरेना. तिने भाषणाचा कागद बाजूला ठेवला आणि माइक जवळ ओढला.

"सोप्पं आहे, डॉक्टलबाई. जीभ सैल सोडायची, आणि मुळीच लाजायचं नाही!"