एकमताने स्वीकारलेले बाड

"कोशाचे हस्तलिखित समितीने साद्यंत वाचून एकमताने स्वीकारले आहे," असे अध्यक्षांचे पत्र आले. त्याच संध्याकाळी पक्के हस्तलिखित मला माझ्याच कपाटात सापडले. समितीकडे मी चुकून रद्द केलेले बाड पाठवले होते; त्यात पानोपानी लाल फुल्या आणि समासात 'साफ चूक' असे माझेच शेरे होते. अकरा वर्षांच्या कष्टांऐवजी हा कचरा आठवड्याभरात माझ्या नावाने छापखान्यात जाणार होता. सकाळी अध्यक्षांच्या दालनात बाड दिसले. सुतळीला मी मारलेली गाठ शाबूत होती. "साद्यंत म्हणजे सुतळीपर्यंत का, सर?" मी विचारले. "छपाई थांबवा. हे रद्द बाड आहे." अध्यक्षांनी चष्मा पुसला. "मॅडम, खरं सांगू? आम्ही वाचलेलं एकही पुस्तक आजवर स्वीकारलं गेलं नाही. तुमचं मात्र सगळ्यांना मनापासून स्वीकारायचं होतं, म्हणून तर कुणी उघडलं नाही."