उतरायची जागा

"आईबापांनी गाडीत बसून कॉफी प्यायची. तुमची धडधड पोरांच्या पायांत उतरते," असं स्कीवरच्या कोलांट्या शिकवणारी हेर्दिस बारा वर्षं पालकांना दटावत आली होती. आज तिचीच लेक तीरिल वर उताराच्या टोकाला स्की बांधून उभी होती. उन्हाळाभर उतारावरून तलावाच्या पाण्यात मारलेली उलटी कोलांटी आज पहिल्यांदाच बर्फावर मारायची होती.

पोरं जिथे उतरतात तिथला बर्फ फावड्याने भुसभुशीत करायचं काम हेर्दिसचं. तो झाला की ती हात वर करायची आणि वरून उडी यायची. आज पाऊण तास झाला तरी तिचं फावडं थांबेना.

"अजून टणक आहे गं!" ती तिसऱ्यांदा ओरडली. खरं तर ती त्या बर्फात मांडीपर्यंत रुतली होती.

"हेर्दिस, विहीर खणतेस का?" रांगेतली पोरं खिदळली.

ओशाळून तिने फावडं टाकलं, डोळे गच्च मिटले आणि हात वर केला.

वरून कोणीच आलं नाही.


मग तीरिलचा बारीक आवाज आला, "आई, डावीकडे अजून टणक दिसतंय गं!"