जसंच्या तसं

पोटावर दोन पट्टे आवळून सुईणीने यंत्राचं बटण दाबलं, आणि घोडा दौडावा तसे बाळाचे ठोके खोलीभर ऐकू यायला लागले.

"आहे बुवा, धडधाकट आहे," नवरा हसत म्हणाला. तो बायकोच्या उशाशी स्टुलावर, तिची करंगळी हातात धरून बसला होता. बघणाऱ्याला वाटावं, किती जीव आहे बायकोवर! करंगळी त्याने मागे वळवून धरली होती. मोडायला केसभर बाकी.

परक्या देशातला सरकारी दवाखाना होता तो. तिथे पोटुशी बाईला डॉक्टरच्या आधी सुईण तपासते. ही सुईण चांगली थोराड, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. दवाखान्याचा झगा वर केला तेव्हा बरगडीखालचा बुटाएवढा काळानिळा डाग तिने पाहिला, आणि काहीतरी विचारलं. "बाथरूममध्ये घसरली हो," हे नवऱ्याने त्या देशाच्या भाषेत इतकं घोळवून सांगितलं, की दुसरी कोणी असती तर हळहळली असती. दोन वर्षं सगळीकडे तिच्या वतीने तोच बोलत होता. दुकानात, बसमध्ये, घरमालकिणीशी. हिचा आवाज कसा आहे, हे त्या देशात कुणाला ठाऊक नव्हतं.

सुईणीने नाही म्हणून मान हलवली. घरच्या माणसाने सांगितलेलं इथे चालत नाही, तशी पाटीच होती भिंतीवर. तिने फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि तो बाईच्या उशीला टेकवून ठेवला.

"नमस्कार ताई," फोनमधून एक बाई बोलली. मराठीत! "मी दुभाषी. खोलीत जो जे बोलेल, ते मी जसंच्या तसं सांगणार. काही गाळणार नाही, काही घालणार नाही. चालेल ना?"

चालेल ना, असं तिला दोन वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. तिने नुसती मान हलवली. फोनला मान दिसत नाही, हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

"चालेल, चालेल," नवरा म्हणाला. "बरं झालं, आपलं माणूस भेटलं. कुठल्या तुम्ही?"

फोनमधल्या बाईने हेही त्या भाषेत सांगून टाकलं.

मग सुईण शब्द तोलून बोलली. मागोमाग फोन बोलला, "ताई, असे डाग मी रोज बघते. बाथरूममध्ये पडल्याचे नसतात ते. तुम्हाला कुणी मारलं का? तुम्ही सांगितलंत, तर आज तुम्हाला त्या घरी जावं लागणार नाही."

ठोके दौडत होते. तिने डोळे मिटून देवाचं नाव घेतलं. सकाळी बूट पोटाकडे आला तेव्हाही तिने हेच नाव घेतलं होतं, आणि कूस वळवून बरगडी पुढे केली होती. दर वेळी कूस वळवायला जमेलच, असं थोडंच आहे? सांगावं का?

नवरा वाकला. बायकोचे केस कानामागे सारायला वाकावं तसा, तोंडावर हसू ठेवून. परदेशात मराठी ही त्याची कडी लावलेली खोली होती. भरल्या बसमध्ये शेजारच्यांकडे बघून हसत हसत तो तिला वाट्टेल ते बोलायचा. कधी एक मान वळली नव्हती.

"बोल की," तो कुजबुजला. "मग चल घरी. सकाळी नेम चुकला, आता चुकायचा नाही. तुलाही संपवीन आणि आतल्यालाही."

करंगळी कट्‌कन वाजली.

आणि उशीपाशी, त्या देशाच्या भाषेत, सपाट आवाजात शब्द यायला लागले. दुभाषी लोक 'तो म्हणतो' असं म्हणत नाहीत. बोलणाऱ्याचं 'मी' तसंच ठेवतात. एक अनोळखी बाई सावकाश सांगत होती, की सकाळी माझा नेम चुकला, आता चुकायचा नाही.

नवऱ्याचं हसू तोंडावर तसंच राहिलं, खुंटीवर विसरलेल्या सदऱ्यासारखं. "ए बाई! तुझ्याशी कोण बोललं? हे आमच्या घरातलं बोलणं आहे!"

फोनने तेही सांगितलं.

सुईणीचा हात भिंतीवरच्या लाल बटणाकडे गेला. त्याने फोनवर झडप घातली, तसा फोन उशीखाली घसरला. मग त्याने पट्ट्याला धरून बायकोलाच ओढलं. पट्टा तुटला. ठोके थांबले. मूठ तिच्या तोंडावर बसली, एकदा, दोनदा. तिने तोंड झाकलं नाही, तिचे दोन्ही हात पोटावर होते. सुईणीने स्टूल उचललं आणि त्याच्या पाठीत असं घातलं, की तो गुडघ्यांवर आला. तेवढ्यात दोन रखवालदार आत शिरले. त्यांनी फरशीवर दाबून धरलं तरी तो मराठीतच शिव्या हासडत होता, आणि उशीखालून त्या एकेक करून त्या भाषेत बाहेर पडत होत्या.

त्याला ओढत नेलं. सुईणीने तुटक्या पट्ट्यातली ठोके टिपणारी चकती हातानेच पोटावर दाबली. इथे काही नाही. तिथेही नाही. जरा खाली, डावीकडे, आणि घोडा सापडला.

"ताई?" उशीखालच्या बाईला काही दिसत नव्हतं. "ताई, आहात ना?"

तिने ओठावरचं रक्त जिभेने पुसलं. आता मान हलवून भागणार नव्हतं.

"आहे," ती म्हणाली. "दोघंही आहोत. आणि मी पडले नव्हते. लिहून घ्या म्हणावं."

फोनमधल्या बाईचा आवाज पहिल्यांदाच कापला. पण तिने काही गाळलं नाही, काही घातलं नाही.