शंकूंची शर्यत

डोंगरमाथ्यावरच्या विरळ हवेत बाबांच्या जुन्या गाडीलाही त्यांच्यासारखीच धाप लागायची. "ताई, माझी टर्बोवाली घे. तिला हवा कमी पडत नाही," शर्यतीतली आपली फेरी संपवून आलेला भाऊ कळवळून म्हणाला. पण बाबा जुन्या गाडीत ताईच्या शेजारी पट्टा लावून केव्हाच बसले होते. धुक्यात वळणं आखणारे प्लास्टिकचे लाल शंकू स्वप्नातल्यासारखे तरंगत होते. एकालाही धक्का लागला, की वेळेत दंडाचे सेकंद वाढणार. सरळ पट्ट्यात गाडी कण्हली, शंकूंमधून मात्र दोऱ्यासारखी सरसर ओवली गेली. "सोड... आता दाब," बाबा पुटपुटत होते. शेवटचं वळण उरलं. भावाला आज ती नक्की हरवणार होती. तेवढ्यात पुटपुटणं थांबलं. बाबांचे ओठ निळे पडले होते. तिने शंकू उडवून गाडी थेट घाटात उतरवली. खाली, दाट हवेत इंजिन गुणगुणू लागलं. बाबांना पूर्ण श्वास मिळाला. तोही त्यांनी रागवण्यातच घालवला: "शंकू पाडलास गं!"