काहीही त्रास नाही

हाताच्या ऑपरेशनला तीन महिने झाले, तरी शिवणकाम करणाऱ्या बाईंची दोन बोटं बधिरच होती. लेकाला घेऊन त्या भूल देणाऱ्या डॉक्टरांकडे आल्या.

"हाताला भूल द्यायला खांद्यापाशी सुई टोचलीत तेव्हा बोटांपर्यंत करंट गेला होता. मी ओरडलेही होते ना, डॉक्टर?"

लेकाने वैतागून फाइल पुढे सरकवली. "आई, किती वेळा तेच? इथे स्पष्ट लिहिलंय, सुई टोचताना काहीही त्रास नाही. कागद काय खोटं बोलणार आहे?"

बाई वरमल्या. "घरात सगळे हेच म्हणतात. मलाच भास झाला असेल."

अक्षर डॉक्टरांचंच होतं. त्या दिवशी पुढचा पेशंट खोळंबला होता, म्हणून ते नेहमीचं वाक्य त्यांनी सुई हातात घेण्याआधीच लिहून टाकलं होतं. आता नुसती मान हलवली असती, तरी विषय तिथेच मिटला असता.

"भास नव्हता," ते कसेबसे म्हणाले. "तुम्ही ओरडला होतात. मी सुई मागे घेतली, पण लिहिलं नाही. चूक माझी आहे."

लेकाचा चेहरा उतरला. डॉक्टर बोलणी खायची तयारी करून बसले.

बाईंनी डोळे पुसले. "फार उपकार झाले, डॉक्टर," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांना मान वर करवेना.