फुरसतीची खोली

चार दिवसांच्या दौऱ्यावरून हेमांगी घरी आली, तर दार उघडणारी शाल्मली तिच्या खांद्याला लागत होती. हेमांगी निघाली तेव्हा लेक जेमतेम कमरेपर्यंत यायची.

फुरसतीच्या खोलीत महिना काढला, तरी बाहेर तासच सरायचा. एकमेकांसाठी निवांत वेळ मिळावा, म्हणून नवरा-बायकोनं हौसेनं ती बांधून घेतली होती.

“श्रीरंग, माझ्यासाठी थांबायचं तरी!” ती नवऱ्यावर ओरडली.

“पोर बाहेर यायलाच तयार नव्हती गं,” तो म्हणाला. त्याच्या कानशिलांवरचे केस पिकले होते. “किती मजेत होतो आम्ही!”

हेमांगीनं लेकीला घट्ट मिठी मारली. शाल्मली अवघडून उभी राहिली. आईला कायम अगं-तुगं करणारी ती मुलगी अदबीनं म्हणाली, “तुम्ही दमला असाल ना? बसा, पाणी आणते.”