पोलादी पंजे

संप मोडल्यावर सरकारने कामगारांच्या मनगटांना हातांच्या जागी बसवलेले पोलादी पंजे बंद करून टाकले आणि घरी प्रोग्राम लिहिणं हा गुन्हा ठरवला. तरीही हेमांगीने जुन्या लिनक्स कॉम्प्युटरवर प्रोग्रामिंगचं किट टाकायला घेतलं. नवऱ्याचे, सुधन्वाचे, निर्जीव पंजे पुन्हा चालू करायला तिने लांब वायरने कॉम्प्युटरला जोडले होते.

किट इन्स्टॉल झालं. तिने घाईघाईने चार ओळी लिहिल्या, तोच दार फोडून शिपाई आत घुसला. त्याने दंडुका तिच्या उजव्या हातावर हाणला. बोटं कडाकड मोडली. तो पुन्हा दंडुका उगारतोय हे पाहून सुधन्वा त्याच्या अंगावर धावला आणि आपले लोंबते पंजे त्याने शिपायाच्या गळ्याला लावले. हेमांगीने डाव्या हाताने एंटर दाबलं.

पोलादी बोटं मिटली. शिपायाचे डोळे बाहेर आले, तोंडातून रक्त ओघळलं.

"पुरे! सोड त्याला, मरेल तो!" हेमांगी किंचाळली.

"माझ्या हातात नाहीये गं," सुधन्वा रडकुंडीला येऊन म्हणाला. "सोडायचं कुठे लिहिलंयस तू?"

तिने फक्त धरायचं लिहिलं होतं. ती डाव्या हाताने एकेक अक्षर दाबू लागली. ओळ पुरी होऊन पंजे उघडले, तेव्हा शिपाई खाली कोसळला तो पुन्हा उठलाच नाही.